पोटाची शस्त्रक्रिया आणि मनाची तयारी

लठ्ठ मनुष्य दिसला की हसावे, ही जगाची जुनी रीत आहे. नाटकात त्याला विनोदी पात्राचे काम मिळते, शाळेत टोपणनाव मिळते, आणि लग्नाच्या पंगतीत तो बसला की त्याच्या पानाकडे शेजाऱ्यांची नजर नकळत वळते. या हसण्यामागे एक समजूत दडलेली असते. हा मनुष्य लठ्ठ आहे, कारण त्याचा जिभेवर ताबा नाही, ही ती समजूत होय. खेदाची गोष्ट अशी की, हसणाऱ्यांइतकीच ती समजूत त्या मनुष्याच्याही मनात पक्की रुजलेली असते.

वैद्यकशास्त्र मात्र आज तसे मानीत नाही. अतिलठ्ठपणा हा दीर्घकाळ चालणारा विकार आहे, आणि त्याच्या मुळाशी आनुवंशिकता, शरीरातील संप्रेरके, झोप, काही औषधे, राहणीमान व मनःस्थिती अशी अनेक कारणे गुंतलेली असतात. निग्रहाने उपाशी राहून वजन उतरविणाऱ्याचे शरीर त्या उतरण्याशी झगडू लागते. भूक वाढविणारी संप्रेरके वाढतात, शरीर ऊर्जा जपून खर्च करू लागते आणि गेलेले वजन हळूहळू परत येते. ज्याचे वजन फारच वाढले आहे, त्याला आहार आणि व्यायाम यांनी टिकाऊ गुण येणे म्हणूनच कठीण जाते. अशा रुग्णांसाठी जठराची शस्त्रक्रिया हा मार्ग पुढे आला. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६६ साली या हेतूने जठराला वळसा देणारी शस्त्रक्रिया केली, तेथून या शास्त्राची वाढ झाली. भारतात या क्षेत्रातील शल्यचिकित्सकांची संघटना २००२ साली स्थापन झाली. श्री. नितीन गडकरी यांनी २०११ साली मुंबईत अशी शस्त्रक्रिया करून घेतल्याची बातमी वृत्तपत्रांतून आली, तेव्हा या उपचाराचे नाव मराठी घराघरांत पोहोचले.

ही शस्त्रक्रिया कोणासाठी, हे उंची आणि वजन यांच्या प्रमाणावरून ठरवितात. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता जो अंक येतो, त्यास देहभार-निर्देशांक म्हणतात. २०२२ साली दोन संस्थांनी दिलेल्या संयुक्त शिफारशीनुसार हा अंक ३५ वा अधिक असल्यास शस्त्रक्रिया सुचवावी. आशियाई लोकांच्या बाबतीत मात्र २७.५ पासूनच तिचा विचार करावा. आपल्याकडे मर्यादा खाली का, याचे उत्तर पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनात सापडते. दिसावयास सडपातळ असलेल्या भारतीयाच्या शरीरातही चरबीचे प्रमाण अधिक असते, हे त्यांनी दाखविले. २००४ साली त्यांनी स्वतःची आणि आपल्या एका इंग्रज सहकाऱ्याची तुलना प्रसिद्ध केली. दोघांचा निर्देशांक एकच, २२.३, परंतु इंग्रजाच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! मधुमेह भारतीयांना कमी वजनातही का गाठतो, हे या एका उदाहरणावरून लक्षात यावे.

आता भोपाळ शहराच्या पूर्वेकडील अयोध्या नगर ही वसाहत डोळ्यांपुढे आणू या. भेलच्या कारखान्यापासून फार दूर नसलेल्या या भागातील एखाद्या मराठी कुटुंबातील पंचेचाळीस वर्षांच्या गृहिणीची कल्पना करावी. उंची १५५ सेंटिमीटर, वजन ९२ किलो. म्हणजे निर्देशांक ३८ च्या थोडा वर. जोडीला मधुमेह आणि गुडघेदुखी. तिने वीस वर्षांत सर्व उपाय करून पाहिले आहेत. सकाळचे पोहे-जिलेबी सोडले, भात सोडला, रात्रीचे जेवणही सोडून पाहिले. दर वेळी दहा किलो उतरले आणि बारा किलो परत आले. आता डॉक्टरांनी शस्त्रक्रियेचा सल्ला दिला आहे आणि त्याबरोबर एक चिठ्ठी दिली आहे : ‘आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे जाऊन या.’

ती चिठ्ठी वाचून घरात काय बोलणे होईल, हे सांगावयास नको. ‘पोटाचे दुखणे, मग डोक्याच्या डॉक्टरकडे कशाला?’ असे नवरा म्हणेल. सासूबाईंना लोक काय म्हणतील याची काळजी पडेल. आणि त्या बाईला वाटेल, की ही एक परीक्षा आहे. उत्तर चुकले तर शस्त्रक्रिया मिळणार नाही. म्हणून ती ठरवून गोड उत्तरे देईल. ‘मी अगदी आनंदात आहे, रात्री-अपरात्री काही खात नाही.’ एवढ्या उत्तरांनी तिचे नुकसान होण्यास सुरुवात होते. कारण जी गोष्ट तिने झाकली, तिच्यावर कोणालाच उपाय करता येत नाही.

मनाची तयारी कशासाठी, हे समजण्यास शस्त्रक्रियेचे स्वरूप ध्यानी घेतले पाहिजे. सध्या अधिक प्रचलित असलेल्या एका प्रकारात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश ते चार-पंचमांश भाग काढून टाकतात व केळ्याच्या आकाराची एक अरुंद नळी शिल्लक ठेवतात. दुसऱ्या प्रकारात जठराच्या वरच्या टोकाशी अंड्याएवढी लहानशी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. दोहोंमुळे खाणे थोडक्यात भागते आणि भुकेची संप्रेरकेही काही काळ मंदावतात. परंतु त्यानंतरची शिस्त कडक असते. पहिले काही दिवस केवळ पातळ पदार्थ, मग मऊ, आणि दीड-दोन महिन्यांनी नेहमीचे अन्न. प्रत्येक घास बारीक चावावयाचा. जेवताना पाणी प्यावयाचे नाही. प्रथिने आधी, भात-पोळी नंतर. जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर. दुसऱ्या प्रकारात गोड पदार्थ भरभर खाल्ला तर छाती धडधडते, दरदरून घाम फुटतो आणि जुलाब होतात. शल्यचिकित्सक जठर लहान करू शकतो. परंतु दुपारी चार वाजता एकटेपणा वाटला की हात डब्याकडे जातो, ती सवय काही सुरीने कापता येत नाही. ती सवय शस्त्रक्रियेनंतरही त्याच घरात, त्याच घडाळ्याखाली वाट पाहत बसलेली असते.

ही गोष्ट तज्ज्ञांनी फार पूर्वी ओळखली. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञ डॉ. अल्बर्ट स्टंकर्ड यांनी १९५५ साली रात्री खाण्याच्या विकाराचे आणि १९५९ साली ताबा सुटून अतोनात खाण्याच्या झटक्यांचे वर्णन केले. १९६७ साली रिचर्ड स्टुअर्ट यांनी खाण्याच्या सवयी पायरीपायरीने बदलण्याची पद्धत प्रसिद्ध केली. पुढे त्या पद्धतीला विचारांच्या दुरुस्तीची जोड मिळून बोधात्मक वर्तनोपचार हे तिचे आजचे रूप सिद्ध झाले. १९९१ साली अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलाविलेल्या परिषदेने असा निर्वाळा दिला, की अशा रुग्णांची निवड शल्यचिकित्सक, वैद्य, आहारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ यांनी मिळून करावी.

या उपचारात प्रत्यक्ष घडते काय? प्रारंभ एका साध्या वहीपासून होतो. रुग्णाने दररोज लिहावयाचे : किती वाजता खाल्ले, काय खाल्ले, कोठे बसून खाल्ले, त्या वेळी भूक किती होती आणि मनात काय चालले होते. दोन आठवड्यांची वही समोर ठेवली की, जे वीस वर्षांत दिसले नाही ते दिसू लागते. अयोध्या नगरातील त्या बाईला कदाचित आढळेल, की तिचे जेवण बेताचे आहे. परंतु मुले शाळा-कॉलेजला गेल्यावर आणि नवऱ्याशी बोलाचाली झाल्यावर फरसाणाचा डबा रिकामा होतो. पोटाची भूक हळूहळू येते व कोणत्याही अन्नाने शमते. मनाची भूक एकाएकी येते, विशिष्ट पदार्थच मागते आणि पोट भरले तरी थांबत नाही. हा भेद ओळखता येणे, ही उपचाराची पहिली पायरी होय.

दुसरी पायरी विचारांची. ‘एक लाडू खाल्ला, आजचा दिवस फुकट गेला, आता आणखी चार खाल्ले तरी काय बिघडले?’ हा विचार लठ्ठ माणसांच्या फार ओळखीचा असतो. उपचारक त्या विचाराला नावे ठेवीत नाही. तो रुग्णाकडून त्याची तपासणी करवितो. दिवस खरोखरच फुकट गेला काय? एका लाडवाने झालेले नुकसान आणि पाच लाडवांनी होणारे नुकसान सारखेच काय? असेच दुसरे विचार तर आपल्या संस्कारांतून आलेले असतात. ‘खाऊन माजावे, पण टाकून माजू नये’ ही म्हण ज्या काळी अन्न दुर्मिळ होते त्या काळी शहाणपणाची होती, आणि अन्नाचा मान राखावा हे तत्त्व आजही योग्यच आहे. परंतु ज्या गृहिणीने घरातील प्रत्येकाच्या ताटातील उरलेले अन्न आपल्या पोटात घालण्याचा नेम धरला आहे, तिला हे उमजावे लागते, की अन्नाचा मान मोजून शिजविण्यातही राखता येतो.

तिसरी पायरी सरावाची. शस्त्रक्रियेनंतर जे करावयाचे, ते आधीच काही आठवडे करून पाहावयाचे. लहान वाटी, लहान चमचा, घासागणिक थांबणे, दूरदर्शनपुढे बसून न जेवणे, पाणी जेवणाच्या अर्धा तास आधी किंवा नंतर पिणे. याच सरावात आग्रहाला नम्रपणे नकार देण्याचाही पाठ येतो. मराठी घरात आग्रह हे प्रेमाचे लक्षण मानले जाते. पाहुणा नको म्हणतो म्हणजे त्याला अजून हवे आहे, असा त्याचा अर्थ लावण्याची आपली पद्धत आहे. अंड्याएवढ्या जठरात तिसरी पुरणपोळी कोंबली तर त्या प्रेमाचे पर्यवसान ओकारीत होते. म्हणून उपचारक स्वतः आग्रह करणाऱ्या मावशीची भूमिका घेतो आणि रुग्णाकडून उत्तर वदवून घेतो : ‘पोळी छान झाली आहे, मावशी, पण माझे पोट भरले.’ हे वाक्य ऐकावयास सोपे आहे. ज्याने आयुष्यात ते कधी उच्चारले नाही, त्याला ते दहा वेळा म्हणून पाहावे लागते.

येथे एक शंका येणे स्वाभाविक आहे. एकादशी, रमजान, ख्रिस्ती लोकांचा प्रायश्चित्तकाळ अशी संयमाची शिकवण सर्व धर्मांत असताना निराळ्या उपचाराची गरज काय? उपवासाचे मोल थोर आहे, परंतु तो या दुखण्यावरचा इलाज नव्हे. उपवासात मनुष्य ठराविक दिवस अन्न वर्ज्य करतो. या रुग्णाला रोज, वेळच्या वेळी, थोडे आणि निर्भयपणे खावयास शिकावयाचे असते. किंबहुना दिवसभर उपाशी राहिल्यानेच रात्री ताबा सुटण्याचा संभव वाढतो. शिवाय साबुदाण्याची खिचडी व तळलेले बटाटे यांनी उपवास किती जड होतो, हेही सर्वांस ठाऊक आहे. ख्रिस्ती नीतिशास्त्रात खादाडपणाची गणना सात प्रमुख पापांत झाली आहे. परंतु पाप आणि दुखणे यांची गल्लत केल्याने कोणाचे भले होत नाही. अपराधाच्या भावनेने मनुष्य लपून खातो, खाल्ल्यावर स्वतःचा तिरस्कार करतो आणि त्या तिरस्काराचे दुःख विसरण्यासाठी पुन्हा खातो. हे चक्र थांबवावयाचे तर प्रथम दोषारोप थांबला पाहिजे.

याखेरीज काही गोष्टी सुरक्षिततेच्या आहेत. शस्त्रक्रियेनंतर, विशेषतः वळशाच्या प्रकारात, मद्य फार लवकर रक्तात भिनते. अमेरिकेत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत शस्त्रक्रियेपूर्वीच्या वर्षी मद्याचा विकार ७.६ टक्के रुग्णांत होता, तो नंतरच्या दुसऱ्या वर्षी ९.६ टक्के झाला. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात ८,८१५ रुग्णांच्या नोंदी तपासल्या असता, स्वतःला इजा करून घेतल्यामुळे रुग्णालयात यावे लागण्याचे प्रसंग शस्त्रक्रियेनंतरच्या तीन वर्षांत आधीच्या तीन वर्षांपेक्षा सुमारे दीडपट झाले, असे २०१६ साली दिसून आले. असे प्रसंग एकंदरीत थोड्याच रुग्णांवर आले, आणि शस्त्रक्रियेने बहुसंख्य रुग्णांचा मधुमेह सुधारतो व आयुष्य वाढते, हेही तितकेच खरे. तथापि ज्याला पूर्वी तीव्र नैराश्य आले आहे, ज्याने कधी जीव देण्याचा विचार केला आहे किंवा जो रोज मद्य घेतो, त्याने ते आधी सांगणे हिताचे असते. त्यामुळे शस्त्रक्रियेचे दार बंद होते असे नाही. अतिभक्षणाचे झटके वा औषधाने आटोक्यात असलेले नैराश्य हे अडथळे मानले जात नाहीत. तीव्र मानसिक आजार उपचाराविना राहिला असेल किंवा व्यसन चालू असेल, तर प्रथम त्यावर उपचार करून शस्त्रक्रिया काही काळ पुढे ढकलतात, इतकेच.

अपेक्षांचेही तसेच. वजन उतरले की नवऱ्याचे प्रेम वाढेल, नोकरीत बढती मिळेल, विशीतील चेहरा परत येईल, अशी स्वप्ने पुष्कळ जण उराशी बाळगतात. प्रत्यक्षात वजन पहिल्या वर्ष-दीड वर्षात झपाट्याने उतरते, मग थांबते, आणि पुढे काही अंशी वाढूही शकते. कातडी सैल होऊन लोंबते. जो मनुष्य दुःखात अन्नाचा आधार घेत असे, त्याचा तो आधार एकाएकी जातो आणि त्याच्या जागी दुसरे काही उभे केले नसेल, तर त्याला भकास वाटू लागते. फिरणे, भजन, विणकाम, मैत्रिणीला केलेला दूरध्वनी, काय असेल ते असो. तो नवा आधार आधीच शोधून ठेवणे हे या तयारीचे एक मोठे अंग आहे.

मग या तयारीने वजन अधिक उतरते काय? याचे उत्तर प्रामाणिकपणे दिले पाहिजे. नॉर्वेमध्ये शस्त्रक्रियेपूर्वी दहा आठवडे बोधात्मक वर्तनोपचार देऊन त्याचा कस पाहण्यात आला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार उपचार घेतलेल्यांच्या खाण्याच्या सवयी आणि मनःस्थिती शस्त्रक्रियेपूर्वी स्पष्टपणे सुधारल्या. परंतु शस्त्रक्रियेनंतर वर्षभराने पाहिले तेव्हा दोन्ही गट जवळजवळ सारखेच झाले होते. कारण पहिल्या वर्षी शस्त्रक्रियेचा स्वतःचाच प्रभाव एवढा असतो, की त्यापुढे बाकीचे झाकून जाते. यावरून हा उपचार व्यर्थ आहे असे मानणे बरोबर नव्हे. त्यातून दोन बोध घ्यावयाचे. एक, मानसोपचार हे वजन घटविण्याचे दुसरे औषध नसून, रुग्णाला समजून-उमजून निर्णय घेता यावा आणि त्याचे धोके वेळीच दिसावेत यासाठी केलेली ती मदत आहे. दुसरा, ही मदत शस्त्रक्रियेच्या दिवशी संपता कामा नये. भूक पुन्हा जागी होते, कौतुक करणारे थकतात आणि जुन्या सवयी डोके वर काढतात, तो काळ दुसऱ्या वर्षापासून सुरू होतो. खरी गरज तेव्हा असते.

ही मदत मिळावी कशी? भोपाळमध्ये साकेत नगरातील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत आणि हमीदिया रुग्णालयाशी संलग्न असलेल्या गांधी वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहेत. लठ्ठपणाच्या शस्त्रक्रिया शहरातील काही खाजगी रुग्णालयांत होतात. इंदूरला त्यासाठी मोठे केंद्र आहे आणि अनेक जण मुंबई-पुण्याचीही वाट धरतात. ज्याची शस्त्रक्रिया दोनशे किलोमीटरवर झाली, त्याने दर आठवड्याला तेथे समुपदेशनासाठी जावे, ही अपेक्षा व्यवहाराला धरून नाही. या अडचणीवर कॅनडातील टोरांटो येथे एक तोड शोधण्यात आली. तेथे आठवड्याला एक अशा सहा बैठका दूरध्वनीवरून घेण्यात आल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या प्राथमिक प्रयोगात खाण्याचे विकार व मनाची उदासीनता त्यामुळे कमी झाल्याचे आढळले. जेथे घरोघरी भ्रमणध्वनी आहे, तेथे हा मार्ग अयोध्या नगरालाही खुला होण्यास हरकत नसावी. शल्यचिकित्सकाची निवड करतानाच ‘शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षे मानसिक मदत कोण व कशी देणार?’ हा प्रश्न रुग्णाने विचारावा. उत्तर केवळ ‘एका भेटीचे प्रमाणपत्र आणा’ असे आले, तर सावध व्हावे. समुपदेशकाचे शिक्षण आणि नोंदणी यांचीही चौकशी करण्यात संकोच नसावा. मन फारच खचले, तर केंद्र सरकारने २०२२ साली सुरू केलेली टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे.

शेवटी घरच्या माणसांविषयी. त्यांनी रुग्णाच्या ताटावर पहारा ठेवू नये आणि त्याच्यासमोर रोज वजनाची चर्चाही करू नये. एका बैठकीला त्याच्याबरोबर जावे, डॉक्टरांचे ऐकावे आणि घरातील जेवणाची वेळ, फराळाचा डबा ठेवण्याची जागा व आग्रहाची रीत यांत आवश्यक तो बदल सर्वांनी मिळून करावा. जठराची शस्त्रक्रिया दीड-दोन तासांत आटोपते आणि ती एकट्या रुग्णावर होते. मनाची तयारी महिनोन् महिने चालते आणि तिच्यात सर्व घराला वाटा उचलावा लागतो. तो वाटा उचलला, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठविणारी ती चिठ्ठी रुग्णाला आरोपपत्रासारखी वाटणार नाही. आपल्या मदतीला आणखी एक माणूस आला, असेच त्याला वाटेल.